गारगोटीत पातं कुठून घालायचं? (अकीक, कटिंग-पॉलिश, खानदेश)

तापीकाठ
मंडळी, जाणकारांची मदत हवी आहे. शिरपूर तालुक्यात मेव्हण्याच्या शेतात नवी विहीर खोदताहेत. काळी माती संपली, मुरूम संपला, मग मांजऱ्या (छिद्राछिद्रांचा कातळ) लागला. सुरुंगानंतर जो मलबा वर आला त्यात मुठीएवढे गोल-चपटे गोटे भरपूर निघाले. वरून अगदी सामान्य. खडबडीत, खड्ड्याखड्ड्यांचे, काहींवर हिरवट पापुद्रा. एक गोटा सुरुंगातच फुटला होता. आत पांढऱ्या, राखी, मधाच्या रंगाच्या रेघा एकाला एक लागून आणि मधोमध बारीक स्फटिकांची पोकळी.

मजूर म्हणतात गारगोटी. एक नातेवाईक म्हणाले हा हकीक, म्हणजे अकीक (इंग्रजीत अ‍ॅगेट) आहे, सोन्याच्या भावाने जातो. मला विकायचे नाहीत. दोन-चार गोटे घरीच नीट कापून, घासून, चकाकी आणून ठेवायचे आहेत. जवळ एका मित्राचा चार इंची मार्बल कटर आहे. पातं कुठून घालायचं, आणि घासायचं कशाने? की हे काम गुजरातेत खंबातलाच पाठवावं लागतं?

वांग्याचं_भरीत
सोन्याचा भाव असेल तर आधी पत्ता द्या, मग तांत्रिक चर्चा. बाकी फोटो टाका हो, नुसत्या वर्णनावर किती दिवस काढायचे.

काळाकातळ
सोन्याचा भाव वगैरे काही नाही, नातेवाइकांना चहा पाजून शांत करा. साधा अकीक किलोवर विकला जातो. किंमत येते ती नक्षीला आणि कारागिरीला.

पण कापण्याआधी तो अकीकच आहे ना, हे पाहा. आपल्याकडे हा प्रश्न महत्त्वाचा आहे, कारण दख्खनच्या कातळातल्या पोकळ्यांत दोन वेगळ्या गोष्टी भरलेल्या सापडतात. साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर पसरले. प्रत्येक थराच्या वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून राहिले, तोच तुमचा मांजऱ्या. नंतर त्या पोकळ्यांतून पाणी झिरपत राहिलं. काही ठिकाणी त्यातून सिलिका बसली, तिथे अकीक, जास्पर, स्फटिक झाले. काही ठिकाणी झिओलाइट आणि त्यांचे सोबती बसले: स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट, अपोफिलाइट. जळगाव-सावदा ही नावं जगभरच्या खनिज-संग्राहकांना माहीत आहेत ती या दुसऱ्या गटामुळे. त्या गटातला तुकडा चुकूनही कापू नका. ते खनिज मऊ असतं, पात्याखाली त्याचा चुरा होतो, आणि त्याची सगळी शोभा अखंड स्फटिकातच असते.

ओळख सोपी आहे. फुटलेल्या कडेने जुन्या बाटलीवर ओरखडा काढा. अकीकाची कठिणता ६.५ ते ७, काचेवर सहज रेघ उमटते. अपोफिलाइट ४.५ ते ५, स्टिल्बाइट ३.५ ते ४, ते काचेपुढे हरतात. पांढरा भाग कॅल्साइट असेल तर लिंबाच्या रसाने बारीक बुडबुडे येतील. आणि फुटलेल्या कडेमागे मोबाइलचा टॉर्च धरा. उजेड मेणकट होऊन आरपार आला तर अकीक. अजिबात आला नाही, पण काच मात्र ओरखडली, तर जास्पर.

हिरवा पापुद्रा बहुधा सेलाडोनाइट आहे. आपल्या कातळात पोकळीच्या भिंतीला तो आधी लागतो, मग आत सिलिका भरते. चांगली खूण आहे.

तापीकाठ
काच ओरखडली. टॉर्च आरपार, मधासारखा रंग. लिंबाने काही झालं नाही, फक्त दगडाला वास आला. आता पुढे?

गिरणाकाठ
बरीच वर्षं हा नाद आहे, म्हणून जरा लांब लिहितो.

लोकांना वाटतं की गोटा कापला की आत जे असेल ते दिसतं. तसं नाही. आत काय दिसणार हे निम्मं पात्याच्या दिशेवर ठरतं. सागाचा ओंडका आडवा कापला तर वलयं दिसतात, उभा कापला तर रेषा. लाकूड तेच. अकीकात हा फरक आणखी तीव्र आहे, आणि इथे दुसऱ्यांदा कापायला दुसरा गोटा नसतो.

अकीकाच्या रेघा पोकळीच्या भिंतीपासून आत आत भरत येतात. म्हणून प्रत्येक रेघ भिंतीचा आकार गिरवत जाते. भिंतीला कोपरे असतील तर रेघांनाही कोपरे येतात, बुरूज-तटबंदीचा नकाशा काढावा तसे. इंग्रजी पुस्तकांतही या प्रकाराचं नाव किल्ल्यावरूनच पडलं आहे. ही नक्षी हवी असेल तर गोट्याच्या सर्वांत रुंद भागातून, लांबीच्या दिशेने कापा. कडेला कापलं तर नुसती दोन-तीन वलयं येतात आणि मधला मोकळा भाग हाती लागत नाही.

आता गोटा हातात घेऊन टोकं पाहा. बऱ्याच गोट्यांचं एक टोक किंचित निमुळतं असतं. त्या टोकाजवळ पुष्कळदा एक बारीक नळी असते, सगळ्या रेघा तिथे वळून बाहेरच्या सालीपर्यंत येतात. ती नळी ज्या पातळीत आहे त्याच पातळीतून पातं गेलं तर नक्षीत जीव येतो. आडवं गेलं तर नळीच्या जागी फक्त एक ठिपका उरतो.

दुसरा प्रकार सपाट थरांचा. पोकळीच्या तळाशी सिलिका आडवी बसत जाते, पाण्याच्या पातळीसारख्या सरळ, समांतर रेघा. या थरांना काटकोनात कापलं तर रेघांचा गठ्ठा दिसतो. थरांना समांतर कापलं की अख्खा काप एकाच राखी रंगाचा निघतो आणि माणूस म्हणतो, 'दगड वायाच होता.' फुटलेला तुकडा तुमच्याकडे आहे, तो नीट न्याहाळा. एकाच पोकळ-थरातले गोटे बऱ्यापैकी एका वळणाचे असतात.

तिसरा प्रकार रेघाच नसलेला, आत हिरव्या-काळ्या फांद्या-शेवाळ. ती वनस्पती नव्हे. हिरवं असेल तर क्लोराइट किंवा सेलाडोनाइट, काळं-तपकिरी असेल तर मँगनीज-लोहाची ऑक्साइडं. इथे दिशेचे नियम चालत नाहीत. सालीवर नखाएवढी खिडकी घासून घ्या, पाणी लावा, टॉर्च मागून फिरवा आणि फांद्या जिथे सगळ्यांत पसरट दिसतील त्या पातळीत कापा. काप पातळ ठेवा, ५-६ मिलिमीटर. जाड ठेवला तर सगळं एकमेकांवर येऊन काळोख होतो.

कापण्याआधीची आणखी दोन कामं. गोटा पाण्यात बुडवून काढा आणि सावलीत सुकू द्या. सगळा सुकल्यावरही जी रेघ ओली राहते ती भेग. भेगेला समांतर, तिच्या जवळून पातं नेऊ नका, दोन्ही तुकडे सुटून येतील.

आणि पोकळ की भरीव? हे कापल्याशिवाय कळतं. वजनकाट्यावर गोटा तोला. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून काटा शून्यावर आणा, गोटा दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडेल असा टांगा, तळाला टेकू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घनसेंटिमीटर गोट्याचं आकारमान. वजनाला आकारमानाने भागा. २.६ च्या आसपास आलं तर भरीव अकीक. २.२, २.१ असं काही आलं तर आत पोकळी आहे, आणि पोकळीत बहुधा स्फटिक. मग पातं मधूनच घाला, पोकळी दोन्ही अर्ध्यांत वाटली जाईल.

फरशीवाला_भुसावळ
गिरणाकाठ भाऊंनी दगड सांगितला, मी मशीन सांगतो. रोजचं काम आहे.

चार इंची पातं म्हणजे ११० मिमी. त्यातला मधला भाग मशीनमध्ये जातो, खाली खोली मिळते जेमतेम ३ सेंटिमीटर. म्हणजे ५-६ सेंटिमीटर जाड गोटा दोन्ही बाजूंनी कापावा लागणार. मार्किंग चारही बाजूंनी करा, नाहीतर दोन काप मधे भेटत नाहीत, पायरी पडते. पायरी घासायला कापण्यापेक्षा जास्त वेळ जातो.

पातं अखंड कडेचं घ्या, दात तोडलेलं नको. खाचावालं पातं काँक्रीटला चांगलं, अकीकाच्या कडा ते उडवतं. हिऱ्याचं पातं धारेने कापत नाही, घासून वाट काढतं. म्हणून दाबायचं नाही. मशीनच्या वजनाने जेवढं जाईल तेवढंच. मधेच कापायचं थांबलं, नुसतं किंचाळायला लागलं, तर पात्यावरचे हिरे झाकले गेलेत. एक साधी वीट घ्या, तिच्यात दोन-तीन काप मारा, पातं परत मोकळं होतं.

गोटा हातात धरून कापायचा नाही. गोल दगड फिरतो. लाकडी खोक्यात सिमेंट-वाळू किंवा पीओपी भरा, गोटा त्यात अर्धा गाडा, घट्ट झाल्यावर खोक्यासकट कापा. आमचे लोक कधी कधी फडकं गुंडाळून पायाखाली धरतात, ते बघून शिकू नका.

पाणी लावलं तर बरं, पण कोरडंही कापलं जातं. तोंडाला उपरणं बांधायचं, वारा पाठीमागून घ्यायचा.

ओसरी
शेवटच्या दोन वाक्यांवर मला थांबावंसं वाटतंय. मी आरोग्यखात्यात आहे, छातीचे रुग्ण रोज पाहते.

कोरडं कापू नका. एकदाही नाही, एकाच गोट्यासाठीही नाही. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. जी धूळ दिसते ती नाकात, घशात अडकते. जी दिसत नाही, काही मायक्रॉनची, ती फुप्फुसाच्या तळापर्यंत जाते आणि तिथून निघत नाही. फुप्फुसात व्रण होत राहतात, धूळ बंद झाल्यावरही. सिलिकोसिस म्हणतात. त्याला बरं करणारं औषध नाही. वर क्षयरोगाची शक्यता कितीतरी वाढते, आणि पुष्कळदा रुग्णाला क्षयाचाच समजून वर्षानुवर्षं तेच उपचार चालतात.

धागाकर्त्यांनी खंबातचं नाव घेतलं. तिथला अकीक जगभर गेला, आणि तिथल्या घासणाऱ्या कारागिरांचा सिलिकोसिसही वैद्यकीय साहित्यात तितकाच नोंदलेला आहे. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने त्यांचा अभ्यास केला. घराघरांत सराणी (घासायची चाकं), कोरडं घासणं, आणि त्याच खोलीत मुलं, स्वयंपाक. घासणारा एक, आजारी सगळं घर.

उपरणं, रुमाल, साधा कापडी मास्क यातलं काहीही ही धूळ अडवत नाही. पाणी हवंच. पाण्याबरोबर चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-९५ हवा, कारण तुषारातही कण असतात.

फरशीवाला_भुसावळ
ताई, बारा महिने हेच करतो आम्ही. साइटवर प्रत्येक कापाला पाणी कुठून आणायचं? मालक म्हणतो भिंत ओली करू नको.

ओसरी
दादा, तुमच्यावर राग नाही. तुमच्या मालकावर आहे. बारा महिने करता म्हणूनच सांगते, वर्षातून एकदा छातीचा एक्स-रे काढा आणि डॉक्टरांना धंदा काय तो सांगा. न सांगता नुसता खोकला सांगितला की सिलिकोसिसचा विचारच कुणाच्या डोक्यात येत नाही.

फरशीवाला_भुसावळ
बघतो. मग पाण्याचं सांगतो. हाताचा कटर आणि पाणी म्हणजे करंटचा धोका. बोर्डावर ३० मिलीअँपिअरचं ईएलसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) पाहिजेच, ते नसेल तर ओलं कापू नका. अर्थिंग तपासा, रबरी बूट घाला, वायरीला एक लोंबता वळसा द्या म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत प्लगपर्यंत जात नाही. सगळ्यांत चांगला मार्ग, टेबल कटर भाड्याने घ्या. खाली पाण्याचा ट्रे असतो, पातं त्यात भिजत फिरतं, मोटर पाण्यापासून बाजूला. जळगाव-भुसावळकडे टाइल्सच्या कामावर सर्रास असतो.

काळाकातळ
+१. आणि कापताना साठणारा चिखल मोरीत ओतू नका. बादलीत बसू द्या, वरचं पाणी झाडाला, खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून टाका. सुकला की ती परत तीच धूळ.

पावरी_वादक
ओसरीताईंच्या पोस्टनंतर हे विचारणं बरं वाटत नाही, पण पुण्यात प्रदर्शनात गडद निळे, गुलाबी, जांभळे काप पाहिले होते. दिव्यासमोर ठेवायचे. तसे आपल्याकडे का निघत नाहीत?

काळाकातळ
इतके भडक सहसा कुठेच निघत नाहीत. बहुतेक रंगवलेले असतात.

अकीकाच्या प्रत्येक रेघेची सच्छिद्रता वेगळी. एक रेघ रंग शोषते, शेजारची नाकारते, म्हणून रंगवल्यावर नक्षी आणखी उठून दिसते. हे शास्त्र जर्मनीतल्या इडार-ओबरश्टाइन गावाने एकोणिसाव्या शतकात पक्कं केलं. काळा करायचा तर काप साखरेच्या पाकात मुरवायचे आणि मग सल्फ्युरिक आम्लात, आत शिरलेली साखर जळून कोळसा होते. निळा करायला लोहाची आणि सायनाइड गटाची क्षारं. त्या गावात पाणचक्कीवर फिरणारी माणसाच्या उंचीची वालुकाश्माची चाकं होती, कारागीर लाकडी घोडीवर पालथे पडून पाय मागे रेटून दगड चाकाला भिडवायचे. स्थानिक दगड संपत आले, तेव्हा त्यांच्यातले काही ब्राझीलला गेले आणि तिथे त्यांना अकीकाचे डोंगर सापडले. आज बाजारात दिसणाऱ्या रंगीत कापांपैकी पुष्कळसे ब्राझीलचे असतात, कारण तिथला राखी अकीक रंग छान घेतो.

खंबातची रीत वेगळी. तिथला बराच दगड भडोचकडच्या रतनपूरचा, म्हणजे आपल्याच दख्खनच्या लाव्ह्यातून सुटून गेलेले गोटे. उन्हात वाळवून मग मडक्यात, राख-शेणीच्या मंद आचेत भाजतात. आतलं पिवळट लोह-हायड्रॉक्साइड भाजून लाल ऑक्साइड होतं, आणि मातकट दगडाचा लाल अकीक होतो. ही विद्या हडप्पाकाळापासूनची आहे, लोथलला मणी करण्याची कार्यशाळाच सापडली.

तापीकाठ, आम्लाचा नाद घरी करू नका. मधाचा रंग मिळालाय, तो पुरेसा देखणा आहे.

आज्याना_नातू
राम राम मंडई. आमना आज्याना खिसामा गारगोटी, चकमक नि कापूस कायम राहे. बिडी पेटाडाले काडीपेटी लागेच नही. आते नातू तीच गारगोटी घासी घासी चमकाडी राह्यना. वाचीसन मजा वनी.

पितळखोरा
आज्यांच्याही आधीचं सांगतो. खानदेशात हा दगड माणसाने फार पूर्वीपासून ओळखला होता. चाळीसगावजवळ पाटणे इथे एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये उत्खनन केलं. पुराश्मयुगाच्या शेवटच्या टप्प्यातली जास्पर-कॅल्सिडोनीची (अकीक हा कॅल्सिडोनीचाच रेघांचा प्रकार) हत्यारं निघाली, शिवाय शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे मणी. सुमारे २५ हजार वर्षं जुने. खानदेशात शहामृग! तापी-गोमाईच्या संगमावर प्रकाशे इथे बी. के. थापर यांनी १९५५ मध्ये खणलं, गिरणेवर बहाळला म. न. देशपांडे यांनी. ताम्रपाषाणयुगीन थरांत कॅल्सिडोनीची लांब, पातळ पाती सापडली. त्या लोकांकडे हिऱ्याचं पातं नव्हतं, दगडाची फुटण्याची दिशा मात्र तोंडपाठ होती.

म्हणून एक विनंती. नदीकाठच्या पांढरीच्या (जुन्या वस्तीच्या) टेकाडावर बोटाच्या पेराएवढं, दोन्ही कडांना धार असलेलं पातं किंवा भोक पाडलेला मणी दिसला तर उचलू नका. त्याची किंमत त्या जागेवरच आहे. यावल किंवा गौताळा अभयारण्यातूनही दगड आणायचा नाही.

आणि १० फेब्रुवारी २०१५ च्या अधिसूचनेने केंद्राने ३१ खनिजं गौण खनिजांत टाकली, त्यात अकीक आहे. म्हणजे त्याचे नियम राज्याकडे. स्वतःच्या विहिरीतले चार गोटे शोकेसमध्ये ठेवणं वेगळं. ट्रॅक्टरभर विकायचा विचार नातेवाइकांच्या मनात असेल तर आधी तहसीलला विचारायला सांगा.

तापीकाठ
सगळ्यांचे आभार. टेबल कटर भाड्याने आणला. फरशीवाला दादांच्या सांगण्याप्रमाणे खोकं, पीओपी, पाणी, एन-९५, सगळं. पाण्यातल्या वजनाची युक्तीही केली, दोन गोटे २.६ च्या जवळ, एक २.३. तो २.३ वाला मधून कापला, आत खरंच पोकळी. कापलेला भाग ओला असताना डोळ्यांत भरतो, सुकला की पांढुरका आणि मेलेला. आता घासायचं कसं? घरचे म्हणतात वार्निश मार.

गिरणाकाठ
वार्निश मारलेला दगड सहा महिन्यांत पिवळा पडतो आणि पापुद्रे सुटतात. नको.

ओला असताना दिसतं ते पाणी ओरखड्यांत भरतं म्हणून. पॉलिश म्हणजे ते ओरखडे इतके बारीक करत नेणं की पाण्याची गरज उरू नये.

एक १० मिमी जाड काच घ्या, पाटाएवढी. तिच्यावर ८० नंबरची सिलिकॉन कार्बाइड पूड चिमूटभर, पाण्याचे थेंब, आणि दगडाचा कापलेला चेहरा खाली ठेवून आठचा आकडा काढत फिरवा. पूड बारीक होत जाते, आवाज बदलतो, खरखर थांबते, मग नवी पूड. या टप्प्यावर घाई केली की पुढचं सगळं पाण्यात जातं. पात्याच्या गोल खुणा, मधली पायरी, सगळं ८० मध्येच गेलं पाहिजे. एकूण वेळातला निम्म्याहून जास्त वेळ मी इथेच घालवतो.

सपाट झालं की नाही हे नजरेने कळत नाही. परमनंट मार्करने चेहऱ्यावर आडव्या-उभ्या रेघांची जाळी काढा आणि घासा. जाळी जिथे टिकते तिथे खळगा आहे.

मग २२०, मग ४००, मग ६००. त्यापुढे वॉटर पेपर चालतो, १०००, १५००, २०००, काचेवरच पाण्याने चिकटवून. प्रत्येक नंबर बदलताना दगड, हात, नखं, काच, सगळं ब्रशने धुवा. मागच्या नंबरचा एक कण पुढे आला तर तो एकटाच लांब ओरखडा पाडतो आणि तुम्हाला दोन नंबर मागे जावं लागतं. ओरखडे तपासताना दगड पूर्ण कोरडा करा, खिडकीच्या उजेडात तिरपा धरा. ओला दगड खोटं बोलतो.

शेवटी सेरियम ऑक्साइड. काचेवरचे ओरखडे काढणाऱ्यांकडे मिळतं, फिकट गुलाबी-पिवळट पूड. जाड चामड्याचा तुकडा लाकडी फळीवर उलटा चिकटवा, सेरियम पाण्यात कालवून फासा आणि घासा. गंमत अशी की चकाकी पातळ ओल्यात येत नाही आणि एकदम कोरड्यातही येत नाही. चामडं सुकत येताना दगड ओढल्यासारखा होतो, त्याच क्षणी ती उमटते. पण मोटरवर करत असाल तर तिथेच दगड तापून भेग जाऊ शकते, हाताला चटका जाणवला की थांबा.

पोकळीतल्या स्फटिकांत पूड अडकते. घासण्याआधी पोकळीत मेण वितळवून भरा, शेवटी गरम पाण्यात काढून टाका. शेवाळी अकीकात मऊ भाग खोल जातो, खळगे पडतात. तिथे चामड्याऐवजी कडक फेल्ट आणि हलका हात.

टंबलरबद्दल कुणी विचारायच्या आत सांगतो: पिंपात दगड, पूड, पाणी, आठवडा-आठवडा फिरवायचं, चार टप्पे. छोट्या खड्यांना झकास. कापलेल्या सपाट चेहऱ्याला नाही, कडा गोल होतात. आणि मे महिन्यात आपल्याकडची वीज पाहता पिंप फिरण्यापेक्षा थांबलेलंच जास्त.

वांग्याचं_भरीत
इतकं वाचून मी बाजारातून तयार काप विकत घ्यायचं ठरवलं आहे.

तापीकाठ
झालं! पहिला तुकडा चकाकला. फोटो खाली जोडतो. वरच्या भागात तटबंदीच्या रेघा, आत पोकळी, पोकळीत बारीक स्फटिक. खालच्या चौथ्या हिश्शात मात्र एकदम सरळ, समांतर थर, पट्टीने आखल्यासारखे. गिरणाकाठ म्हणाले होते ते पाण्याच्या पातळीचे थर हेच ना? दुसऱ्या गोट्यातही आहेत, पण तिथे गोट्याच्या लांबीला तिरपे आहेत. असं का?

काळाकातळ
सुंदर निघालाय. दोन्ही गोट्यांत कारण एकच. ते थर बसले तेव्हा जमिनीला समांतर होते, गोटा कसाही तिरपा अडकलेला असो. तटबंदीच्या रेघांना वर-खाली कळत नाही, त्या भिंतीला धरून जातात. सपाट थर गुरुत्वाकर्षण पाळतात. म्हणजे त्या पोकळीत कुठली बाजू खाली होती हे तुमच्या दगडाने नोंदवून ठेवलंय.

आता माझं काम करा. विहीर अजून बांधून काढली नसेल तर भिंतीत रुतलेले गोटे असतील. काढण्याआधी प्रत्येकावर ऑइल पेंटने वरची बाजू आणि आडवी रेघ मारा. कापल्यावर आतले थर त्या रेघेला समांतर निघाले तर अकीक भरल्यानंतर हा कातळ हललेला नाही. कोनात निघाले, आणि सगळ्या गोट्यांत कोन एकाच दिशेला असेल, तर थर नंतर कललेत. सातपुड्याच्या पायथ्याला हे पाहणं फार मजेचं ठरेल. मात्र विहिरीत उतराल ते सुरुंगाचं काम पूर्ण थांबल्यावर आणि सैल दगड काढून घेतल्यावरच.

तापीकाठ
बांधकाम पोळ्यानंतर आहे. भिंतीत पाच-सहा गोटे दिसताहेत. पण आडवी रेघ अचूक मारायची कशी? विहिरीत उभं राहून नजरेने सगळंच तिरपं दिसतं.

फरशीवाला_भुसावळ
लेव्हल पाइप. पारदर्शक नळी, आत पाणी, बुडबुडा राहू द्यायचा नाही. एक टोक एका गोट्याशी, दुसरं समोरच्या भिंतीवर. स्पिरिट लेव्हल ओबडधोबड कातळावर बसत नाही. रविवारी शिरपूरला काम आहे माझं, नळी घेऊन येतो. दोर आणि माणूस वर तुमचा.